लातूरला समजलं होतं

सर दूधसुद्धा एकाच वाक्यात मागत. दूधवाल्याला सायकलवरून एक पाय खाली टेकवून ते वाक्य संपेपर्यंत उभं राहावं लागे.

"एक लिटर दूध, म्हशीचं, जे आज सकाळीच काढलेलं हाय, आणि ज्याच्यात पाणी न्हाई, आणि असलंच तर एवढंच की जे तुझ्या स्वतःच्या लेकराला पाजायला तुला लाज वाटनार न्हाई."

"सर, नुसतं दूध मना की."

"नुसतं दूध मनलं की तू मोकळा. माझ्या वाक्यातून तुला निसटता येत न्हाई."

हे सगळं मी वरच्या खिडकीतून ऐकत असे. नांदेडच्या त्या घराचा वरचा मजला माझ्याकडे भाड्याने होता. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल. ते बंगळुरूहून निवृत्त होऊन आलेले इंजिनिअर आणि माझे घरमालक. आयुष्यात त्यांनी कुठल्याही शाळेत नोकरी केली नव्हती, तरी गल्ली त्यांना सर म्हणे. खाली रस्त्याकडच्या गाळ्यात मुजीबचाचांचं इन्व्हर्टर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, अजूनही आहे. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला क्रम सापडत नाही. दुपारच तेवढी आठवते.

त्या घरात दुपार लांब असायची. जेवण झालं की सर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपत. रस्ता पांढरा पडलेला असे, चाचांच्या दुकानातला डिंकाचा आणि जळक्या तारेचा वास हळूहळू वर येई, आणि मग वीज जाई. पंखा एकेक पातं दाखवत थांबायचा. एका कोपऱ्यातला फ्रीज गप्प झाला की तो इतका वेळ बोलत होता हे कळायचं. अशा वेळी सर डोळे न उघडता किंचित हसत. घर झोपलं की त्यांना बरं वाटायचं.

घर भाड्याने देताना त्यांनी मला अट घातली होती, तीही एका वाक्यात. "वरच्या दोन खोल्या, ज्यांना जिना भाहेरून हाय, आणि ज्यांच्यात राहनारं माणूस असं की जे झोपलेल्याला हाका मारून उठवत न्हाई." मला वाटलं, गंमत असेल. ती गंमत नव्हती. गॅसवाला असो की टपाल घेऊन येणारा माणूस, सर झोपलेले दिसले की त्याने खुर्चीजवळ उभं राहायचं, फार तर हातातला कागद वाजवायचा. एकदा बँकेचा नवा माणूस "ओ काका!" म्हणून ओरडला, तर सरांनी त्याला समोर बसवून पाणी दिलं आणि समजावलं, "माणूस झोपेतून एकदम येत न्हाई बाबा. आदी कान येतात, मग हात येतात. नाव लई शेवटी येतं. तू नावालाच आदी बोलावून राहिला."

त्यांना काही विचारलं तरी असंच व्हायचं. डोळे मिटत, आणि उत्तर इतकं उशिरा येई की विचारणारा तोवर पायरी उतरून गेलेला असे. चाचा म्हणत, "सरको सवाल पूछना हो तो टिफिन लेके आना." अर्धापूरहून सर स्वतः बसने जाऊन हिरव्या केळ्यांचा घड आणत, जिन्यात दोरीला टांगत आणि रोज एकेका केळ्याकडे पाहत. "सगळी एकदम पिकत न्हाईत," ते म्हणत. "कुनाला तरी आदी कळतं."

त्याच जिन्यात, घडाच्या मागे, लाकडी चौकटीत एक पितळी पाटी होती. तिच्यावर इंग्रजीत एका पेटंटचा क्रमांक, एक लांबलचक नाव, आणि खाली 'संशोधक' म्हणून सरांचं नाव. ती कंपनीने दिलेली भेट. येता-जाता ते पाटीकडे पाहत नाहीत असं दाखवत, पण पितळ कधी काळं पडलं नाही.

त्या पाटीमुळेच त्यांना वाक्यांचा तो नाद लागला होता. पेटंटच्या शेवटी दावे असतात: हे अमुक माझं आहे, दुसऱ्याने ते माझ्या परवान्याशिवाय करू नये. आणि प्रत्येक दावा, कितीही गुंतागुंतीचा असला, तरी एकाच वाक्यात लिहावा लागतो. "तुमच्या ग्रंथालयात आसं पुस्तक हाय का बाई," ते मला विचारत, "ज्याच्यात माणसानं आपलं सगळं एका वाक्यात सांगितलं आन् त्याच्यावर न्यायालयात भांडता येतं?" संध्याकाळी कधी कधी ते स्वतःचा पहिला दावा पाठ म्हणत. इंग्रजी वाक्य, श्वास न घेता. शेवटी धाप लागे. मला त्यातलं काही कळत नसे. लय तेवढी कळे.

दाव्यात होतं काय, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. प्रोसेसरला सतत जागं ठेवलं की बॅटरी संपते. म्हणून त्याला झोपवतात. पण झोपेतून उठायला त्याला वेळ लागतो, आणि उठल्यावर आपण कुठं होतो हेही तो विसरलेला असतो.

"आमचं गाव बिलोली तालुक्यात. गावाला जागल्या होता. रातभर तो एकटा जागा, मनून सगळं गाव झोपायचं. आता बघा, त्याला घरातलं काही ठावं नसायचं. कोन काय खातं, कोनाचं भांडन हाय, काही न्हाई. त्याला फक्त एवढं ठावं, की काय झालं तर कुनाला आदी उठवायचं. आग लागली तर विहिरीजवळचे. गाय व्याली तर म्हातारी. सगळ्या गावाला उठवलं तर नुसता गोंधळ. मी चिपमदी एक जागल्या ठेवला. लई बारका. त्याला वीज लागतच न्हाई मना. तो कुनाला उठवायचं ते वळखतो, आन् उठनाऱ्याच्या कानात सांगतो, तू झोपला तवा हितं होतास."

हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळू झाला होता, की मी माझ्याच श्वासाकडे लक्ष देऊन ऐकत होते. त्या दिवसापासून फोनचा अंधारलेला पडदा उजळला की मला हातात कंदील घेतलेलं कुणीतरी दिसतं.

मग त्या पेटंटवरून खटला उभा राहिला. सरांच्या जुन्या कंपनीने बंगळुरूचं काम बंद केलं आणि आपली पेटंटं घाऊक विकून टाकली. ती घेणारी नवी कंपनी स्वतः काहीच बनवत नव्हती. तिच्याकडे पेटंटं होती आणि वकील होते. कुणी तसं काही बनवताना दिसलं की ती नोटीस पाठवे: परवाना घ्या, प्रत्येक चिपमागे आमचा वाटा द्या, नाहीतर बनवणं थांबवा. पेटंटचं आयुष्य वीस वर्षांचं. सरांच्या पेटंटची थोडीच उरली होती. "म्हातारी म्हैस हाय," चाचा म्हणाले, "आटायच्या आत निचोडून घेतात."

सर मात्र खूश होते. "माझ्या वाक्यासाठी लोक भांडून राहिले बाई," ते म्हणाले, आणि त्या आठवड्यात दोनदा इस्त्रीचा सदरा घालून विनाकारण बाजारात जाऊन आले.

भांडणाची दुसरी बाजू एका दुपारी बसने आली. पस्तिशी ओलांडलेली एक बाई, खांद्याला पिशवी. सर खुर्चीत झोपले होते. तिला अट कुणी सांगितली नव्हती, पण ती हाक न मारता पायरीवर बसली आणि वाट पाहत राहिली. मी तिला पाणी दिलं. ती जळकोटची, राहायला लातूरला. शेतातल्या पाण्याच्या मोटारीसाठी एक पेटी ती बनवत होती. आठवडे न् आठवडे शेतात पडून राहणारी, बॅटरीवर चालणारी, पाणी किंवा वीज आली की जागी होणारी. तिच्यातला प्रोसेसर तिने आणि तिच्या चारदोन सहकाऱ्यांनी स्वतःच आखला होता. तिलाच नोटीस आली होती. परवान्याचे पैसे भरले तर कारखाना राहत नव्हता, न भरले तर पेटी राहत नव्हती.

सर जागे झाले तेव्हा तिने वाकून नमस्कार केला.

"सर, मी लातूरच्या वाचनालयात तुमच्या व्याख्यानाला होते. कॉलेजात होते तवा. तुमी फळ्यावर जागल्या काढला होता. मी तेच ध्यानात ठिवून हे केलं. माझा वकील मनतो, ते व्याख्यान पेटंटच्या आदी झालं आसल तर पेटंटच टिकत न्हाई. पन सिद्ध काय करायचं? वाचनालयात त्याची काही नोंद न्हाई. तुमाला आठवतं का, एवढंच विचारायला आले."

सरांनी डोळे मिटले. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग तिला वाटलं असावं की उत्तर यायचं नाही. शेवटची बस होती. ती गेली. ती कोपऱ्यावरून वळल्यावर सर म्हणाले, "आठवतं."

मी चप्पल घालायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

त्या संध्याकाळी चाचांनी दुकानाचं शटर लवकर ओढलं आणि सरांच्या खोलीत येऊन बसले. सरांनी आम्हा दोघांना सांगितलं. वाचनालयाच्या व्याख्यानमालेला त्यांना बोलावलं होतं. लातूर म्हणजे त्यांची शाळा. मावशीकडे राहून ते तिथे शिकले. पेटंटचा अर्ज तेव्हा तयार होत होता, अजून गेलेला नव्हता, आणि अर्ज जाईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही अशी कंपनीची सक्त ताकीद होती. त्यांनी तासभर विज्ञान, प्रगती असं सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेत त्यांचे गणिताचे मास्तर उठले. "ते सगळं ठीक हाय रे. पन तू तिथं नेमकं करतोस काय?"

"आता सांगा," सर म्हणाले. "लातूरला. मास्तरांनी उभं राहून विचारलं. आन् मी मनू, की सांगता येत न्हाई?"

"तौबा," चाचा म्हणाले.

"फळा होता. खडू होता."

"पण सर," मी विचारलं, "अर्ज करताना त्यांनी विचारलं असेल ना, आधी लोकांपुढे कुठे बोललात का म्हणून?"

"विचारलं की."

"मग?"

सर माझ्याकडे खरोखर आश्चर्याने पाहत राहिले. "लोकांपुढं कुठं बोललो बाई? लातूरला बोललो."

त्यांनी लपवलं नव्हतं. लातूर म्हणजे 'लोक' होऊ शकतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आपल्या माणसांना सांगितलं ते बाहेर सांगितलं असं कोण धरतं? चाचांनाही ते पटलेलं दिसलं. मला एकटीलाच त्या खोलीत थोडं परकं वाटलं.

बाईच्या वकिलाने व्याख्यानाचा मुद्दा न्यायालयात मांडलाच, आणि पुढच्या आठवड्यात कंपनीचा एक तरुण वकील मुंबईहून आला. फार नम्र मुलगा. त्याने व्याख्यान झालंच नाही असं म्हणायला सांगितलं नाही. उलट म्हणाला, "सर, तुम्ही एक सुंदर गोष्ट सांगितलीत. गोष्ट सांगितल्याने पेटंट जात नाही. ऐकणाऱ्यांना त्यावरून ती वस्तू बनवता आली असती, तरच जातं. तेवढं एकच स्पष्ट करायचं आहे." त्याने तयार प्रतिज्ञापत्र पुढे केलं. सरांनी ते माझ्याकडे दिलं. "बाई, मराठीत वाचा."

मी वाचलं. श्रोते सर्वसामान्य होते. विषयाचं तांत्रिक आकलन होण्याइतकी त्यांची पात्रता नव्हती. त्यांना काही समजलं असण्याची शक्यता नाही.

"पात्रता," सर म्हणाले.

"तो कायदेशीर शब्द आहे सर," मुलगा म्हणाला. "कुणाचा अपमान नाही."

सरांनी कपातला उरलेला चहा हळूहळू संपवला. नंतर कप बशीत पालथा घातला. सही केली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. मुलगा परतीच्या गाडीला गेला, आणि सर जिन्यात जाऊन उभे राहिले. पाटीकडे ते पहिल्यांदाच उघडपणे पाहत होते. मुलं नव्हती त्यांना. पत्नी बंगळुरूलाच वारली होती. एवढ्या वर्षांच्या कामातून त्यांच्या नावावर राहिलेलं ते एकच होतं. त्यांनी सही केली असती तरी मला ते समजलं असतं. केळी त्या वेळी पिकून काळी पडली. त्यांनी ती खाल्ली नाहीत, कुणाला दिलीही नाहीत.

सही आली नाही म्हटल्यावर जळकोटच्या बाईच्या वकिलाने त्यांना साक्षीला बोलावलं. नांदेडच्या न्यायालयातून, पडद्यावर. मुंबईचं न्यायालय पडद्यात, सर इकडे खुर्चीत, मी मागच्या बाकावर. आवाज थोडा मागून येत होता. तिकडच्यांचे ओठ आधी हलायचे, शब्द नंतर पोचायचे. सरांना ते आवडलेलं दिसलं.

व्याख्यान अर्जाच्या आधी झालं, हे त्यांनी लगेच सांगितलं. मग कंपनीच्या ज्येष्ठ वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"आपण जागल्याची गोष्ट सांगितलीत?"

"हाव."

"गाव, म्हातारी, गाय?"

"हाव."

"म्हणजे एक रूपक. त्यात तांत्रिक असं काही नव्हतं. ऐकणाऱ्यांना त्यातून काही बनवता येण्यासारखं नव्हतं. बरोबर?"

सरांनी डोळे मिटले.

मग तिकडे कुणीतरी म्हणालं, "चित्र अडकलं वाटतं." इकडचा शिपाई वायरीकडे हात न्यायला लागला. मी मागून म्हणाले, "थांबा. येतंय."

सरांनी डोळे उघडले. पुढचं ते बारीक बारीक वाक्यांत बोलले. इतकी तुटक वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"गोष्ट झाली. मास्तर मनले, गोष्ट कळली, आता आकृती काढ. मी काढली. सगळी. मास्तरांनी बघितली. मनले, दोघं एकदम उठले तर? आदी कोन? मला ते सुचलं नव्हतं. चूक होती ती. माझ्या कामात होती. बंगळुरूला कुनाच्याबी ध्यानात आली नव्हती. मी तिथंच पुसलं. दुसरं काढलं. या पेटंटचा शेवटचा दावा तोच हाय. तो लातूरला झाला."

ज्येष्ठ वकिलांनी चष्मा काढला. "ते एक शिक्षक झाले. बाकीच्यांचं काय?"

"मी फळा पुसाय गेलो. मागून पोरं ओरडली. थांबा, आमचं उतरवायचं राहिलं."

"आपल्याला कल्पना आहे ना, आपण काय बोलताहात? हे उत्तर असंच राहिलं तर पेटंट टिकणं अवघड आहे. त्यावर आपलं नाव आहे. आपण नीट आठवून सांगा. त्यांना खरंच समजलं होतं?"

"साहेब," सर म्हणाले, "मास्तर आता न्हाईत. त्यांना काही समजलं न्हाई, असं त्यांच्या माघारी मी लिहून देऊ? समजलं होतं. मी नीट सांगितलं होतं."

रिक्षात ते बाहेर पाहत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "गेलं का हो बाई?"

"निकाल लागायचाय अजून, सर."

"गेलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून त्यांचा आवाज आला. "दूध." एवढंच. दूधवाला सायकल धरून तसाच उभा राहिला. मग त्याने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. त्यानंतर सर कधी लांब वाक्य बोलले नाहीत. दुपारी झोपत, पण झोप आता जड झाली होती; कागद वाजवला तरी ती हलत नसे. मी खुर्चीजवळ जाऊन बसे, कधी पुस्तक घेऊन, कधी तशीच. एकदा झोपेतच ते म्हणाले, "आदी कोन?" आणि काही आठवल्यासारखे हसले. त्यांना पेटंटचं दुःख होतं. ते नव्हतं असं मी लिहिणार नाही.

थंडी सुरू होताना ते गेले. लातूरहून ती बाई आली होती. रडली नाही, चाचांबरोबर सगळं आवरून गेली.

निकाल मागच्या महिन्यात लागला. पेटंट रद्द झालं. लातूरची ती पेटी आता कुणाच्या परवान्यावाचून बनेल. बाईने निकालपत्र मला पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं: सरांचं तेवढं वाचा. मी दुकानात जाऊन बसले आणि चाचांना ते मराठीत करून वाचून दाखवू लागले. चाचा हातातल्या मिक्सरचं झाकण न लावता ऐकत होते. निकालात सरांची सगळी साक्ष होती, मास्तर होते, फळाही होता. एका ठिकाणी न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण त्याने ही साक्ष पूर्णपणे स्वतःच्या हिताच्या विरुद्ध दिली आहे.

"काय विरुद्ध?" चाचांनी विचारलं.

"स्वतःच्या हिताच्या."

चाचांनी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. रस्त्यावर दुपार झाली होती.

"निकाल सही दिला," ते म्हणाले. "पन जजसाब लातूरचे न्हाईत वाटतं."